ऑगस्टच्या ट्रायआउटआधी (निवडचाचणीआधी) वाचा: नवी सॉफ्टबॉल टीम काढणाऱ्या आईबाबांना खुलं पत्र

प्रिय आईबाबांनो,

फ्रिस्को, प्लेनो, मकिनी, प्रॉस्पर, अॅलन, म्हणजे डॅलसच्या उत्तरेला राहणारे आणि या उन्हाळ्यात "आता आपणच एक टीम काढू" असं (म्हणजे वीकेंडच्या टूर्नामेंट्स खेळणारी ट्रॅव्हल टीम) मनात घेतलेले जे कुणी आहात त्या सगळ्यांसाठी हे पत्र. दर वर्षी हे बघते. रेक लीगचा (गावातली हौशी लीग) स्प्रिंग सीझन संपतो, ऑल-स्टार्स (लीगमधल्या निवडक मुलींची टीम) होतात, कुणाची मुलगी सिलेक्ट होत नाही, कुणाची होते पण बेंचवरच बसते, मग पार्किंग लॉटमध्ये दोन-तीन बाबा गाडीला टेकून बोलायला लागतात आणि आठवड्याभरात व्हॉट्सअॅप ग्रुप, टीमचं नाव, लोगो, जर्सीचा रंग सगळं तयार. फक्त ज्या गोष्टी आधी ठरायला हव्यात त्या ठरत नाहीत, त्या ठरतात मार्चमध्ये, भांडणं झाल्यावर, आणि तोवर मुलींचं अख्खं वर्ष गेलेलं असतं.

मी नव्या टीमच्या विरोधात अजिबात नाहीये. उलट मला वाटतं आपल्या भागात अजून टीम्स हव्यात, १०-यू आणि १२-यू ला (दहा आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलींचे गट) तर हव्याच. मी स्वतः अमरावतीत शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले, तिकडे विदर्भ-खानदेशात हा खेळ शाळांमधून किती प्रेमाने खेळला जातो हे इथल्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं देशी म्हणजे क्रिकेट. आता मुलगी खेळते आणि मी एका टीमची मॅनेजर म्हणून हिशेब, परमिट, हॉटेलं असलं सगळं बघते. म्हणून जे दिसतं ते लिहितेय, राग मानू नका.

पहिला प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न एकच. ही टीम कशासाठी काढताय?

"माझ्या मुलीला शॉर्टस्टॉपला (इनफील्डमधली मानाची जागा) ठेवत नाहीत" हे कारण असेल तर कृपा करून थांबा. मला कळतं ते दुःख, खरंच कळतं, दहा वर्षांची पोरगी गाडीत मागे बसून गप्प राहते तेव्हा आईबापाचं काळीज तुटतं. पण त्या कारणाने काढलेली टीम पहिल्या दिवसापासून एका मुलीची असते आणि बाकीच्या अकरा जणी तिच्यासाठी गोळा केलेल्या असतात, हे त्या अकरा जणींना आणि त्यांच्या आईबाबांना दुसऱ्या टूर्नामेंटपर्यंत कळतं. इथले लोक त्याला डॅडी बॉल म्हणतात आणि ते सगळीकडे आहे, गोऱ्यांच्या टीममध्ये आहे, आपल्यात पण आहे. स्वतःला दोन गोष्टी विचारा. तुमची मुलगी तुमच्याच टीममध्ये राइट फील्डला (जिथे बॉल कमी येतो) उभी राहिली आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या नंबरला बॅटिंगला आली, कारण दुसऱ्या मुली खरंच तिच्यापेक्षा चांगल्या आहेत, तर तुम्हाला चालेल का? आणि फेब्रुवारीत ती म्हणाली की मला नाही खेळायचं, मला ऑर्केस्ट्रा करायचाय, तर तुम्ही जुलैपर्यंत त्या बाकीच्या मुलींसाठी टीम चालवाल का? दोन्हीला मनापासून हो असेल तर काढा टीम, मी तुमच्या सोबत आहे. एकालाही नाही असेल तर मुलीला चांगल्या टीमच्या ट्रायआउटला न्या, पिचिंगचे नाहीतर हिटिंगचे लेसन लावा, हजार पटीने बरं.

आमच्याच बाबतीत आधीची एक टीम अशीच सीझनच्या मध्यात मोडली, कोचच्या मुलीला दुसऱ्या मोठ्या टीमने घेतलं आणि दोन आठवड्यात कोचनी मेसेज टाकला की आम्ही थांबतोय. एप्रिलमध्ये सगळ्या टीम्सचे रोस्टर भरलेले असतात, मग त्या मुलींनी कुठे जायचं? काही जणी तेव्हा सुटल्या त्या परत खेळल्याच नाहीत. चांगल्या खेळायच्या हो.

आता मुली कुठून आणणार ते. बारा मुली लागतात साधारण, आणि त्या येतात रेक लीगमधूनच, दुसरीकडून कुठून येणार. यात एक गोष्ट घडते जी आपल्याला दिसत नाही कारण आपण तोवर तिथून निघून गेलेलो असतो. रेकमधल्या १०-यू डिव्हिजनमधून चार-पाच पिचर मुली एकदम उचलल्या की मागे राहिलेल्या गेम्समध्ये बॉल स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे बॅटरच्या टप्प्यात, पडतच नाही. वॉक, वॉक, वॉक, रन. बॅट कुणी फिरवत नाही कारण उभं राहिलं तरी बेस मिळतो, फील्डमधल्या मुलींकडे बॉल जातच नाही, त्या गवत उपटत बसतात, आणि पुढच्या स्प्रिंगला त्यातल्या कितीतरी मुली नाव नोंदवत नाहीत. म्हणजे तुमच्या टीमला दोन वर्षांनी ज्या मुली लागणार आहेत त्या आत्ताच खेळ सोडतायत. बऱ्याच लीग्समध्ये स्प्रिंगला रेक आणि ट्रॅव्हल दोन्ही खेळता येतं, निदान पहिलं वर्ष तरी मुलींना रेकमध्ये ठेवा, तुमचे कोच लोक तिथे जाऊन महिन्यातून एकदा फुकट पिचिंग क्लिनिक घेऊ शकतात. लीगच्या बोर्डाला जाऊन आधी भेटा, लपूनछपून मुली फोडू नका. आणि सीझन चालू असताना दुसऱ्या टीमच्या मुलीच्या आईला "जस्ट चेकिंग" असा मेसेज टाकणं तर नकोच.

पिचिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या टीम्स इथेच मुलींचं नुकसान करतात. नवीन टीमकडे बहुतेक वेळा एकच खरी पिचर असते. शनिवारी पूल प्ले (गटातल्या गेम्स), रविवारी ब्रॅकेट (बाद फेरी), जिंकत गेलात तर वीकेंडला पाच-सहा गेम्स होतात आणि ती एकच मुलगी सगळे टाकते, कारण दुसरीला टाकू दिलं तर हरणार. लिटल लीग बेसबॉलमध्ये मुलांसाठी २००७ पासून पिच काउंट आहे, इतके पिच झाले की इतके दिवस विश्रांती. सॉफ्टबॉलमध्ये मात्र बहुतेक ट्रॅव्हल टूर्नामेंट्सना असली काही मर्यादाच नसते, सगळ्यांचा समज असा की अंडरहँड म्हणजे हात नैसर्गिक फिरतो, काही होत नाही. होतं. विंडमिल पिचमध्ये (हात पूर्ण गोल फिरवून टाकतात त्यात) खांद्यावर आणि बायसेपवर भरपूर ताण येतो, बारा-तेरा वर्षांच्या मुली खांद्याला बर्फ बांधून बसलेल्या मी दर टूर्नामेंटला बघते. मर्यादा टूर्नामेंट घालत नसेल तर तुम्ही घाला, टीम काढतानाच कागदावर लिहा की एक मुलगी दिवसाला इतक्याच इनिंग टाकेल, मग समोर फायनल असली तरी. आणि कमीत कमी तीन, जमलं तर चार मुलींना पिचिंग शिकवा.

याला खेळातलंही कारण आहे. १०-यू ला पिचर ३५ फुटांवरून ११ इंची बॉल टाकते, १२-यू ला अंतर ४० फूट होतं आणि बॉल १२ इंची, १४-यू ला ४३ फूट. दहाव्या वर्षी जी मुलगी सगळ्यांना आउट करत होती तिची बोटं त्या मोठ्या बॉलवर बसेपर्यंत एखादं वर्ष जातं, आणि जी उंच, धडपडी मुलगी दहाव्या वर्षी वाइल्ड टाकायची ती तेराव्या वर्षी तुमची सगळ्यात चांगली पिचर निघते, पण तिला तोवर टाकूच दिलं नसेल तर ती कशी निघणार? अगदी वरच्या लेव्हलचं बघा, २०२५ ची कॉलेज वर्ल्ड सिरीज (कॉलेज टीम्सची राष्ट्रीय स्पर्धा) आपण सगळ्यांनी बघितली, टेक्सास टेकच्या निजारी कॅनडीने तिथे सगळ्या गेम्स जवळजवळ एकटीने ओढल्या आणि फायनलच्या तिसऱ्या गेममध्ये पहिल्याच इनिंगला पाच रन गेले, तिला बाहेर यावं लागलं, टायटल समोरच्या टीमने, टेक्सास युनिव्हर्सिटीने नेलं. ती देशातली सगळ्यात भारी पिचर. आपल्या पोरी दहा वर्षांच्या आहेत.

अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला आहे की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून सगळे मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्या, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या आत एकच खेळ धरून बसू नका. फॉल बॉल, विंटर वर्कआउट, स्प्रिंग, समर असं बारा महिन्यांचं कॅलेंडर काढणाऱ्या टीमला ते कधी जमणार? नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत बंद ठेवा. तसंही आपली निम्मी लोकं डिसेंबरात इंडियाला जातात.

हो, हे पण आधी स्पष्ट बोला, कारण दरवर्षी यावरून तोंडं वाकडी होतात. आजी-आजोबांना भेटायला जायचं की जुलैत नॅशनल्स खेळायच्या? मला विचाराल तर आजी-आजोबा. पण कोचने तारखा ट्रायआउटच्या आधी दिल्या तर ज्याला त्याला ठरवता येईल, तिकिटं काढून झाल्यावर कॅलेंडर देऊन मग "कमिटमेंट नाही" म्हणायचं हे बरोबर नाही.

आता पैसे. फी म्हणून जो आकडा तुम्ही सांगता तो खर्चाचा एक भाग असतो. टूर्नामेंटची एंट्री, इन्शुरन्स, बॉल्स, फील्डचं भाडं, थंडीत इनडोअर केज, जर्सी हे फीमध्ये. त्याच्या बाहेर बॅट, चांगली कॉम्पोझिट बॅट तीनशे-चारशे डॉलरच्या खाली येत नाही, आणि मुलगी वाढते तशी बॅट बदलते. हेल्मेट, फील्डरचा फेस मास्क, क्लीट्स. गेटवर आईबाबांचं तिकीट. ह्यूस्टन २४० मैल, ओक्लाहोमा सिटी २०० मैल, म्हणजे पेट्रोल आणि हॉटेल, त्यात बऱ्याच ठिकाणी स्टे-टू-प्ले, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या हॉटेलातच राहायचं, महाग असलं तरी. हे सगळं धरून वर्षाचा आकडा ट्रायआउटच्या दिवशी पालकांच्या हातात द्या. पहिल्या वर्षी लांब जायची तर गरजच नाही, डीएफडब्ल्यूमध्ये (डॅलस-फोर्ट वर्थ भागात) दर वीकेंडला इतक्या टूर्नामेंट्स असतात की घरी येऊन स्वतःच्या गादीवर झोपता येतं, बी नाहीतर सी लेव्हलला (ए सगळ्यात वरची) नाव घाला, ए लेव्हलला १५-० ने हरून मुली काहीही शिकत नाहीत.

टीमचे पैसे कोचच्या व्हेन्मोवर (त्याच्या पर्सनल पेमेंट अॅपवर) घेऊ नका. प्लीज. टीमच्या नावाने वेगळं बँक अकाउंट, दोन सह्या, आणि दर महिन्याला सगळ्या पालकांना एक साधा हिशेब. नॉन-प्रॉफिट करायचं असेल तर ते वाटतं तितकं अवघड नाही, वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत राहणार असेल तर आयआरएसचा (टॅक्स खात्याचा) १०२३-ईझी फॉर्म आहे, फी २७५ डॉलर, आणि नंतर दरवर्षी एक छोटीशी ऑनलाइन नोंद. पण एक खूप कॉमन चूक टाळा. कार वॉश केला, डोनट विकले, आणि ज्या घराने जितके जमवले तितके त्याच मुलीच्या फीमधून वजा, हे नॉन-प्रॉफिटमध्ये चालत नाही. २०१३ साली टॅक्स कोर्टात व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचं (पालकांच्या पैसे जमवणाऱ्या संस्थेचं) नॉन-प्रॉफिट स्टेटस याच कारणाने गेलं. फंडरेझिंगचे पैसे सगळ्या टीमचे, संपला विषय. आणि मला ते मनापासून पटतं, कारण त्यातूनच एखाद्या घराला फी जड जात असेल तर गाजावाजा न करता मदत करता येते.

रिफंडचा नियम लिहून ठेवा, आपल्या लोकांसाठी तर नक्कीच. एच-वनवर (वर्क व्हिसावर) असलेल्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला नाहीतर देश सोडायला साठ दिवस असतात हातात, त्यात तो मुलीच्या टीमशी पैशासाठी भांडत बसणार का? अशा वेळी उरलेली फी परत, असं आधीच ठरवा. आणि जे स्वतः एच-वनवर आहेत त्यांनी कोचिंगचे पैसे घेऊ नका, व्हॉलंटियर म्हणून करा, घ्यायचेच असतील तर आधी वकिलाला विचारा.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल तडजोड नको. प्रत्येक कोचचा बॅकग्राउंड चेक, प्रत्येकाचं सेफस्पोर्ट ट्रेनिंग (खेळातला अत्याचार ओळखायचं आणि टाळायचं), ओळखीचा असला तरी, भाऊ असला तरी. २०१८ पासून फेडरल कायदा आहे, मुलांच्या अत्याचाराचा संशय आला तर चोवीस तासांत कळवावं लागतं, "आपसात बघू" हे चालणार नाही, आपल्या समाजात ही सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. कोचने मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही, मेसेजमध्ये आई किंवा बाबा असलेच पाहिजेत. आणि डगआउटमध्ये, म्हणजे टीम बसते तिथे, एक तरी बाई हवी. १२-यू म्हणजे पाळी सुरू होण्याचं वय, मुलगी चार बाबांना जाऊन काय सांगणार? ती बिचारी पोट दुखतंय म्हणून घरी जाते किंवा तशीच उभी राहते. बॅगेत पॅड्स ठेवा, आणि पांढऱ्या पँट घेऊ नका. लोगोवर तासन्‌तास चर्चा होते पण हे कुणाच्या लक्षात येत नाही. काळ्या, नेव्ही, ग्रे, कुठल्याही घ्या, पांढऱ्या नको.

जुलैत इथे शंभर फॅरनहाइटच्या वर जातं, पाणी, सावली, बर्फाचे टॉवेल, हे टीमच्या बजेटमध्ये धरा. गडगडाट ऐकू आला की मैदानाबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं.

स्कॉलरशिपचं स्वप्न दाखवून मुली गोळा करू नका. कॅनडीला दहा लाख डॉलरच्या वर मिळाले ही बातमी आपल्या ग्रुप्समध्ये अजून फिरते, मिळाले, आनंद आहे, मुलींच्या खेळात एवढा पैसा आला याचा मला अभिमानच वाटतो. पण डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी) साधारण तीनशे टीम्स, आणि २०२५ पर्यंत एका टीमला जास्तीत जास्त बारा स्कॉलरशिप, त्या पण वीस-पंचवीस जणींत तुकडे करून वाटायच्या. आता काही कॉलेजांना जास्त देता येतात पण रोस्टर २५ चाच. आणि अकरावीच्या १ सप्टेंबरच्या आधी डिव्हिजन वनचा कोच मुलीशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाही. मग १०-यू च्या टीमला "कॉलेज एक्सपोजर" कुणाकडून मिळणार? कुणी असं सांगत असेल तर तो तुम्हाला फी विकतोय.

अजून एक, जरा नाजूक. फक्त देशी मुलींची टीम काढायची का? हा विचार कुठून येतो ते मला माहीत आहे. आपल्या मुलींना पुष्कळदा न बघताच आउटफील्डला पाठवतात, आपल्याला कोचशी कसं बोलायचं ते कळत नाही, इथल्या आया लहानपणापासून खेळलेल्या असतात आणि त्यांचे ग्रुप आधीच झालेले असतात. सगळं खरं. तरी माझं मत नाही असंच आहे. ट्रायआउट सगळ्यांना उघडा ठेवा, रेक लीगच्या बोर्डावर, पार्कच्या बोर्डावर लावा, फक्त मराठी मंडळाच्या ग्रुपवर नको. मुलींनी डगआउटमध्ये एकत्र ओरडत ते चीअर्स म्हणायचे, एकमेकींच्या वेण्या घालायच्या, यात कुठल्या घरातली मुलगी आहे हे त्यांना महत्त्वाचं नसतं, आपण ते आणू नये. मात्र कोच म्हणून तुम्ही त्या गप्प बसणाऱ्या देशी मुलीला, आणि तितक्याच गप्प बसणाऱ्या मेक्सिकन मुलीला पण, शॉर्टला आणि पिचिंगला एकदा तरी उभं करून बघाल, एवढं तुमच्या हातात आहे, आणि नवी टीम काढायचं हे मला सगळ्यात चांगलं कारण वाटतं.

१९७२ चा टायटल नाइन कायदा (शिक्षणात मुली-मुलांत भेदभाव नको असं सांगणारा) झाला म्हणून इथल्या शाळा-कॉलेजात मुलींना ही मैदानं मिळाली. आणि २०२८ ला ऑलिम्पिकचं सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीला आहे, लॉस एंजेलिसला नाही, आपल्यापासून तीन-साडेतीन तासांवर. आज १०-यू मध्ये असलेल्या मुली तेव्हा आणखी मोठ्या झालेल्या असतील, अख्खी टीम घेऊन जाता येईल. ती टीम तोवर टिकायला हवी ना.

तर आता करायचं काय. ट्रायआउटच्या आधी एका कागदावर या गोष्टी लिहा: फी आणि बाहेरचा खर्च, रिफंड, तारखा, पिचिंगची मर्यादा, पूल प्लेमध्ये प्रत्येक मुलीला किती खेळायला मिळणार, हिशेब कोण बघणार, डगआउटमध्ये बाई कोण असणार. हिशेब बघणारा कोचच्या घरातला नको. हा कागद ट्रायआउटच्या जाहिरातीसोबतच टाका म्हणजे पालक वाचून येतील. ज्यांना बँकेचं, इन्शुरन्सच्या सर्टिफिकेटचं, पार्क डिपार्टमेंटच्या परमिटचं काम कधी केलेलं नाही त्यांच्यासोबत मी बसायला तयार आहे, कुठलीही टीम असो, आमच्याविरुद्ध खेळणारी असली तरी. मंडळाच्या ग्रुपवर मला हाक मारा, शनिवार-रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी.

तुमचीच,
एका १२-यू टीमची मॅनेजर आणि एका सेकंड बेसची आई